दुखरी बाजू

नवरा : एक्स-रे? मांजराचा?

बायको : मांजराच्या दातांचा.

नवरा : आमच्या वाड्यात चौदा मांजरं होती. एकाच्याही दाताची तक्रार कधी कानावर आली नाही.

बायको : येणार कशी? दुखणं लपवायचं हा मांजराचा धर्मच आहे. रानात ज्याचं दुखणं चारचौघांना कळलं, तो संपला. पंधरा दिवस बघतेय, मनी एकाच बाजूने खाते. दाणा तोंडात घेते, मान वाकडी करते, दाणा खाली टाकते.

नवरा : (भाकरीचा घास डाव्या गालातून उजव्या गालात ढकलत) नखरे असतील.

बायको : आत्ता काय केलंत?

नवरा : कुठे काय?

बायको : घास डावीकडून उजवीकडे गेला.

नवरा : घासाला कुठेही जायची मुभा आहे. विषय मनीचा चाललाय.

बायको : मनीचाच चाललाय. दुसरं लक्षण, तोंडाला घाण वास.

नवरा : मासे खाल्ल्यावर काय अत्तराचा वास यायचा?

बायको : माशाचा वास वेगळा, हिरडी सडल्याचा वेगळा. तुम्ही तर मासे खात नाही, तरी मी खिडकीकडे तोंड करून झोपते.

नवरा : गरम होतं म्हणून झोपतेस.

बायको : डिसेंबरात? तिसरं लक्षण, अंग चाटणं सोडलंय. तोंड दुखत असलं की जीभ फिरवणं नको होतं. पाठीवर केसांच्या गुठळ्या झाल्यात बघा.

नवरा : हे मला लागू नाही. मी अंग चाटत नाही.

बायको : दाढी कधी केलीत?

नवरा : गाल ठणकतो, म्हणून... म्हणजे, ब्लेड संपलंय.

बायको : चौथं, लाळ.

नवरा : उशीवरचा डाग मनीचा आहे!

बायको : मी उशीचं नावही काढलं नव्हतं.

नवरा : हे बघ, कीड लागली असेल. चोरून पेढेबिढे खाल्ले असतील.

बायको : मांजराला गोडाची चव कळतच नाही. त्यामुळे गोड खाऊन दात किडणं हे आपलं दुखणं, तिचं नाही. पण बरं झालं, पेढे कोण चोरतं ते तरी कळलं.

नवरा : मग तिला झालंय काय?

बायको : दातावर किटण चढतं, हिरडी सुजते, दाताच्या कडेने लाल रेघ दिसते. शिवाय मांजरांत आणखी एक भानगड असते. दात आपोआप विरघळायला लागतो, कधी हिरडीपाशी, कधी पार मुळाशी. वरून धड दिसणारा दात आत पोखरलेला असू शकतो. म्हणून एक्स-रे. आणि मनी काही ‘आ’ करून बसणार नाही, म्हणून आधी रक्त तपासायचं, मग भूल द्यायची.

नवरा : आणि मग?

बायको : वाईट असेल तो दात काढायचा.

नवरा : काढायचा! वाघाच्या मावशीला बोळकं करून ठेवणार? खाईल काय ती?

बायको : जे आज खाते तेच, फक्त न कळवळता. ती कुठे आपल्यासारखं रवंथ करते? तिचा जबडा आडवा फिरतच नाही. कापते आणि गिळते. सगळे दात काढलेली मांजरंही ओलं अन्न चाटूनपुसून खातात. दात हवेत ते शिकारीला, आणि आपल्या घरातले उंदीर तर तुम्हीच मारता.

नवरा : एकंदर दात असतात तरी किती?

बायको : पिल्लाला 26 दुधाचे. सहा महिन्यांची होईपर्यंत ते पडून 30 पक्के येतात.

नवरा : माझे 32.

बायको : होते. आता 28. चार तुम्ही ‘बघू, बघू’ म्हणत घालवलेत.

नवरा : एवढा खर्च करण्यापेक्षा लवंगेचं तेल लावू. मी दोन वर्षं त्यावर काढली.

बायको : अं हं! लवंगेचं तेल मांजराला विष आहे.

नवरा : मग माझ्या डब्यातली तापाची अर्धी गोळी देतो. काल देणारच होतो, पण ती पलंगाखाली गेली.

बायको : देणार होतात? अहो, पॅरासिटामॉल आहे ते! मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं. अर्ध्या गोळीनेही जाऊ शकते ती. विचारायचं तरी!

नवरा : ओरडू नकोस. मला काय माहीत? माणसाला चालतं ते...

बायको : ती माणूस नाही, एवढं तरी नऊ वर्षांत कळायला हवं होतं.

नवरा : तुला मात्र कळत नाही ना ते! मांजराला भूल काय, एक्स-रे काय! आमची आई शेवटची सहा वर्षं गुरगुट्या भातावर राहिली. एका शब्दाने तक्रार केली नाही तिने.

बायको : नाही केली. भाकरी दुधात कुस्करायची, आणि आपण म्हणायचो, वयाने जेवण कमी झालंय. एकदा तरी म्हटलंत का, आई, तोंड उघड बघू?

नवरा : तू म्हटलंस?

बायको : नाही. मीही नाही.

(मनी येते. ताटाजवळ पडलेला मऊ भाकरीचा तुकडा हुंगते, मान वाकडी करते.)

नवरा : उजवीकडूनच खातेय गं.

बायको : तुमच्यासारखीच.

नवरा : दात काढल्यावर पुढे काय?

बायको : उरलेल्यांना रोज ब्रश. मांजरांची पेस्ट वेगळी मिळते, कोंबडीच्या चवीची. आपली चालत नाही, कारण ती थुंकत नाही, गिळते. आधी नुसती बोटावर चाटवायची, मग ओठ उचलून बाहेरून फिरवायचा.

नवरा : आणि मांजराच्या तोंडात ब्रश कोण घालणार?

बायको : ते ठरवू. गुरुवारी दहाला तिची वेळ घेतलीय. साडेअकराला समोरच्याच दवाखान्यात तुमची.

नवरा : माझी? मला न विचारता?

बायको : तिलाही विचारलं नाही.

नवरा : भूल देतात का गं? म्हणजे पूर्ण, तिच्यासारखी?

बायको : नाही. तुम्हाला ‘आ’ करता येतं.

नवरा : बघू.