बेसकॅम्पभाऊ

मे महिन्याच्या भर दुपारी यवतमाळच्या दत्त चौकातून कुत्रंसुद्धा सावली पाहून पाहून जातं. अशा वेळी डोक्याला दुपट्टा, पायांत घोट्याच्या वर जाणारे जाडजूड बूट आणि दोन्ही हातांत दोन काठ्या घेऊन एक गृहस्थ टक-टक करत येताना दिसले, तर सगळ्यांच्या मनात एकच शंका येते. पानठेलेवाल्याने ती विचारूनच टाकली.

"काहून भाऊ, गुडघे बदलले काय?"

"ट्रेकिंग पोल आहेत हे!"

"हाव का? मले वाटलं ऑपरेशन झालं."

हे आमचे बेसकॅम्पभाऊ. अन्नपूर्णा बेसकॅम्पला जाऊन आल्यावर गावाने त्यांना हे नाव टवाळीने ठेवलं आणि त्यांनी ते पद्मश्रीसारखं स्वीकारलं. अशी माणसं आता तालुक्याला एक-दोन निघतातच. वणीला कोळसा खाणीतून निवृत्त झालेला साहेब असतो, पुसदला दातांचा डॉक्टर, दारव्ह्याला प्राध्यापक. वय पन्नास-पंचावन्न, पोरं पुण्यात नोकरीला, रक्तात साखर नुकतीच सापडलेली आणि डॉक्टरने "चाला" म्हणून सांगितलेलं. डॉक्टरच्या मनात आझाद मैदान असतं. यांना हिमालय ऐकू येतो.

भाऊंचं कृषी केंद्र आहे, त्यामुळे त्यांचा हिमालयही हंगामावर चालतो. नेपाळात चालायचे मोसम दोन : मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुसरा मोसम भाऊंना सोयीचा नाही, कारण तेव्हा सोयाबीन घरात आलेलं असतं आणि ते विकून लोकांच्या हाती पैसा आला की उधारी वसूल करायची असते. म्हणून एप्रिल. मृग लागायच्या, खरं तर बियाण्याची गाडी उतरायच्या आत माणूस गल्ल्यावर हजर पाहिजे.

तयारी जानेवारीपासून चालते. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट ४७५ ग्रॅमचं असतं. अशी दहा पाकिटं पाठपिशवीत भरली की पावणेपाच किलो. रोज पहाटे एवढं वजन पाठीवर घेऊन भाऊ निळोणा धरणावर फेऱ्या मारायचे. महिन्याभरात पाकिटं वीस झाली. पुढे नेपाळात सामान वाहायला माणूस ठेवला आणि भाऊंच्या पाठीवर उरली पाण्याची बाटली आणि बदामाची पुडी. हा भाग भाऊ सांगत नाहीत, वहिनी सांगतात. पिसांचं जॅकेट नागपूरहून आणलं तेव्हा बाहेर ऊन ४३ अंशांवर होतं. कूलरसमोर बसून ते अंगात घातलं, दहा मिनिटांत घामाने निथळले आणि समाधानाने म्हणाले, "वस्तू ओरिजनल आहे."

एका वर्षी मीही त्यांच्यासोबत गेलो. यवतमाळहून हिमालयात जायचं तर चढाईचा पहिला टप्पा म्हणजे वर्धा किंवा धामणगावचं स्टेशन गाठणं. पूर्वी शकुंतला नावाची छोटी रेल्वेगाडी होती. मूर्तिजापूरपर्यंतचे ११३ किलोमीटर ती अशा निवांतपणे कापायची की सावकाश जाण्याचा सराव यवतमाळकराला पिढीजात आहे, असं भाऊ मानतात. ती थांबली, तिच्यानंतर मोठ्या गाडीची वाट पाहणं हाही दमसासाचाच व्यायाम. असो. नागपूरहून गोरखपूर, तिथून सुनौलीची सरहद्द, मग पोखरा, आणि मग एकदाचं चालणं.

तेव्हा मला या जातीचं मर्म कळलं. भाऊ डोंगरासाठी चालत नाहीत, पुढच्या लॉजसाठी चालतात. बाकीचे लोक नकाशा काढतात. भाऊ आदल्या संध्याकाळी वाटाड्याकडून लिहून घेतलेला कागद काढतात. त्यात उल्लेरीपुढे लिहिलेलं असतं "पायऱ्या लय, चहा बरा", घोडेपाणीपुढे "शेगडी मोठी, जागा लवकर धरणे". उल्लेरीच्या तीन हजारांवर पायऱ्या ते न कुरकुरता चढले, कारण माथ्यावर गरम पाणी होतं. पून हिलवर पहाटे सगळं जग सूर्योदयाकडे तोंड करून उभं असताना भाऊ खाली पाहत होते. "आपल्या लॉजातून धूर निघून रायला. नाश्ता लागला."

उंची मोजायचं त्यांचं मापही घरचं आहे. आमच्याकडे थंड हवा म्हणजे चिखलदरा, उंची अकराशे मीटरच्या जरा वर. त्यामुळे ३२१० मीटरचं पून हिल म्हणजे "तीन चिखलदऱ्याले थोडं कमी", ४१३० मीटरचा बेसकॅम्प म्हणजे "पावणेचार चिखलदरे". एव्हरेस्ट आठ चिखलदरे भरतं. पाचाच्या पुढे लॉज फारसे नाहीत, म्हणून त्यांनी त्या बाजूचा विचार सोडून दिला.

लॉजमधला त्यांचा पहिला खटका बिलावरून उडाला. खोली अगदी स्वस्त, अट एवढीच की दोन्ही वेळचं जेवण तिथेच घ्यायचं. भाऊंनी एका क्षणात ओळखलं. "हे तर लिंकिंग झालं ना बापा!" युरियाच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारायला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात, आणि या व्यवहाराचा काउंटरच्या दोन्ही बाजूंचा अनुभव भाऊंना आहे. वर जावं तसा चहाचा भाव चढतो, कारण तिथलं सगळं माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरून येतं. फोन चार्ज करायचे पैसे वेगळे, वायफायचे वेगळे, अंघोळीचे वेगळे. विरळ हवेने डोकं दुखतं म्हणतात. भाऊंना ती खिशात बाधली.

डाळ-भाताने मात्र त्यांना जिंकलं. ताटाचे पैसे एकदाच, वाढून कितीही वेळा घ्या. चौथ्यांदा भात मागितला तेव्हा लॉजवाली दिदी हसली. पाचव्यांदा हसली नाही. भाऊंनी खिशातली ठेच्याची डबी तिच्यापुढे धरली, तिने बोटभर चाखला आणि नंतर बराच वेळ ती दिसली नाही. छोमरोंगच्या पुढे मांस न्यायचं नाही, डोंगर पवित्र आहे, असा तिथला नेम. सावजीवर वाढलेल्या माणसाला एवढे दिवस कोरडे काढायचे म्हणजे बर्फापेक्षा कठीण, पण देवाचं नाव निघाल्यावर भाऊ गप्प बसले.

शेगडीभोवती बसून त्यांना एक गोष्ट कळली, ती ते आजही दुकानात सांगतात. समोरचं माच्छापुच्छ्रे ६९९३ मीटरचं. १९५७ साली जिमी रॉबर्ट्स नावाच्या गुरखा पलटणीतल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोहिमेतले दोघे शिखर पन्नासेक मीटरवर असताना मागे फिरले. माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द दिलेला होता. याच रॉबर्ट्सने १९६४ मध्ये काठमांडूला ट्रेकिंगची कंपनी काढली, नेपाळातली पहिली. त्याचा थाट तंबूंचा होता. लॉजचं मूळ वेगळं. तिबेटच्या मिठाच्या व्यापाराच्या वाटेवर थकाली बायका भट्ट्या चालवायच्या, म्हणजे चूल, भात आणि रात्रीपुरती पथारी. त्या चुलीभोवतीच पुढे खोल्या उठल्या, मेनूकार्ड आलं, पिझ्झासुद्धा आला. भाऊंनी यातून आपल्या कामाचं तेवढं उचललं. "ते शिखराच्या खाली थांबले, आपण लॉजात थांबलो. तत्त्व एकच आहे."

माणसाची थट्टा करणं सोपं आहे. बेसकॅम्पला पोचलो त्या संध्याकाळी ढग फाटले आणि चारी बाजूंनी बर्फाच्या भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा भाऊ दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. मेनूकार्ड मांडीवर उलटं पडलं होतं. हेही मी पाहिलं आहे, म्हणून नोंदवतो.

घरी आल्यावर त्यांनी मायला मोबाइलवर फोटो दाखवले. ती ऐंशीच्या पुढची. तरुणपणी पायांत काही न घालता माहूर करायची : रेणुकामाय, दत्तशिखर, अनसूया, फडक्यात भाकर बांधलेली आणि रात्र धर्मशाळेच्या फरशीवर.

"देव कोणता हाये तिथला?"

"अन्नपूर्णा."

"दर्शन झालं?"

"लांबून झालं माय. वर जाता येत नाही."

"इतक्या दूर गेला अन् लांबूनच?" तिने मोबाइल परत दिला. "मंग इथूनच हात जोडायचा होता."

भाऊंचा एक ट्रेक मेपासून पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरतो. पौषातल्या एका सकाळी टिपेश्वरकडचा एक शेतकरी गव्हासाठी युरिया घ्यायला आला होता. डोळे लाल, अंगावर घोंगडं. भाऊंनी त्याला बेसकॅम्पच्या रात्रीत बसवलं.

"उणे आठ! बाटलीतलं पाणी गोठलं. रात्री बाहेर जायचं म्हणजे हिंमत लागते."

"तिथं डुकरं येतात का?"

"डुकरं? नाही."

"वाघ?"

"एवढ्या वर वाघ कुठला!"

"मंग भेव कायचं?" शेतकऱ्याला खरंच उमगेना. "मी नोव्हेंबरपासून रोज माळ्यावर जागल करून रायलो. हरभऱ्यात डुकरं शिरतात. परवा वाघ बांधावरून गेला." मग त्याला वाटलं असावं की आपण मोठ्या माणसाचा हिरमोड केला. सारवासारव करत म्हणाला, "तुम्हाले एवढी आवड हाये तर या ना भाऊ एक रात. ज्वारीचा हुरडा भाजू."

दुकानात शांतता झाली. भाऊंनी कॅल्क्युलेटर उगाच दोनदा दाबला. मग हळूच विचारलं, "गरम पाण्याची व्यवस्था?"

"हाये ना! बोरचं पाणी कोमटच राहते हिवाळ्यात. फकस्त थ्री-फेज लाइन रात्री दोनले येते, तवाच उठा लागते."

भाऊंनी युरियाची पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि कोपऱ्यातल्या काठ्यांकडे पाहिलं. "सांगतो," म्हणाले. "थंडी जरा कमी होऊ दे."