एकबारी गृहस्थ

पिट्सबर्गच्या पूर्वेला तासभर गाडी हाकली की डोंगर सुरू होतात, आणि डोंगरांबरोबर एकबारी गृहस्थही सुरू होतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. पोलादाच्या कारखान्यातून नाहीतर एखाद्या मशीन शॉपमधून निवृत्त. डोक्यावर ट्रॅक्टर कंपनीची टोपी, शर्टाच्या खिशात छोटी वही, वहीत फक्त आकडे. हा मनुष्य पिस्तुलाने हरणाची शिकार करतो आणि त्या पिस्तुलात एका वेळी एकच काडतूस मावतं. दुसरं हवं असेल तर पिस्तूल मोडून उघडायचं, रिकामी केस काढायची, नवं काडतूस हाताने घालायचं, मिटायचं, घोडा ओढायचा. तोवर हरीण शेजारच्या काउंटीत पोचलेलं असतं.

असं का, म्हणून विचारलं तर तो सांगतो, "एकच गोळी असली की माणूस नेम नीट धरतो." ज्या माणसाने आपण होऊन एवढा संयम पत्करला, तो बाकीच्या बाबतीतही मोजकाच असणार, असं आपल्याला वाटतं. मग तो आपल्याला तळघरात घेऊन जातो.

तळघरात भिंतभर खुंट्या, आणि खुंट्यांवर नळ्या. पिस्तूल एक, नळ्या चौदा.

या चौदा नळ्यांचं मूळ एका सोयीत आहे. पिस्तुलाचं नाव कंटेंडर. वॉरन सेंटर नावाच्या कारागिराने ते आखलं आणि न्यू हॅम्पशायरमधल्या रॉचेस्टर गावच्या थॉम्पसन/सेंटर कंपनीने १९६७ मध्ये बाजारात आणलं. चापाखालची कडी मागे ओढली की ते बिजागरीवर मोडतं; आपल्याकडची जुनी बारा बोअर मोडते तसंच. इथवर सगळं ठीक होतं. पण सेंटरसाहेबांनी पुढचं लाकूड काढून एक खीळ बाहेर सरकवली की अख्खी नळीच सुटी होईल, अशी व्यवस्था करून ठेवली. वेगळ्या बोअरची नळी बसवा, खीळ घाला, लाकूड लावा. झालं नवं पिस्तूल. दुर्बीण नळीवरच पक्की असते, त्यामुळे नळीबरोबर नेमही आपोआप बदलून येतो. त्यात अमेरिकन कायद्याच्या लेखी पिस्तूल म्हणजे फक्त मागचा सांगाडा. नळी हा सुटा भाग, तो टपालाने सरळ घरी येतो. सरकारला चुकवण्याचा प्रश्नच नाही. घरच्या बाईसाहेबांना चुकवणं तेवढं उरतं.

तर एकच गोळी झाडणाऱ्या या साधकापुढे रोज सकाळी उभा राहणारा प्रश्न असा: ती एक गोळी कोणती?

लहान बोअरशी त्याचं भांडण नाही. लहान बोअरने ग्राउंडहॉग मारावेत, कोल्हे मारावेत, नातवंडांना शिकवावं. फार मोठा बोअर त्याने तरुणपणी करून बघितला आहे. १८७३ सालचं फॉर्टी-फाइव्ह-सेव्हन्टी हे मूळचं फौजी काडतूस त्याने या पिस्तुलातून उडवलं, तेव्हापासून त्याचा उजवा अंगठा पाऊस यायच्या आधी सूचना देतो. म्हणून त्याला हवा आहे मधला बोअर. मधला म्हणजे त्याच्या हिशेबाने .३० इंचापासून .३७५ इंचापर्यंत. मी कागदावर मांडून बघितलं: दोन टोकांत फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा. या दोन मिलिमीटरांत त्याची वीस वर्षं गेली आहेत.

घरात लग्नाचं कार्य निघालं की स्थळं बघणारे एक थोरले मामा असतात, त्यांच्यासारखं याचं आहे. प्रत्येक स्थळ चांगलं, आणि प्रत्येकात एक 'पण'.

थर्टी-थर्टी विंचेस्टर घ्या. १८९५ चं खानदानी घराणं. पेनसिल्व्हेनियातल्या प्रत्येक आजोबांकडे त्याची एक लिव्हरवाली रायफल असतेच. त्या रायफलीत काडतुसं नळकांड्यात एकामागे एक आडवी झोपतात, मागच्याची गोळी पुढच्याच्या बुडातल्या, बार पेटवणाऱ्या प्रायमरला टेकलेली. म्हणून गोळीचं नाक चपटं ठेवावं लागतं. टोकदार ठेवलं तर धक्क्याने आतल्या आतच बार व्हायचा. एकबारीला ही अडचण नाही. त्याचं काडतूस एकटं, त्यामुळे गोळी हवी तेवढी टोकदार, आणि टोकदार गोळीचा वेग लांबवर टिकतो. हे तो इतक्या अभिमानाने सांगत असे की जणू टोक त्याने स्वतः तासलं आहे. पुढे हॉर्नडी कंपनीने रबरासारख्या मऊ टोकाची गोळी काढली, ती नळकांड्यातही बिनधास्त चालते. त्या दिवसापासून थर्टी-थर्टीची शिफारस करताना त्याचा आवाज खाली येतो. चांगलं आहे, पण सगळ्यांकडेच आहे.

थर्टी-फाइव्ह रेमिंग्टन, १९०६. गोळी जाड, २०० ग्रेन वजनाची, अंगाने भारदस्त. दाट जंगलात याच्यासारखं दुसरं नाही, पण दुकानात मिळेल तर शपथ. थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅक्सिमम हे १९८३ चं. रुगर कंपनीने त्यासाठी लांब रिव्हॉल्व्हर काढलं, आणि थोड्याच दिवसांत चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीतून सुटणारा जळता वायू वरच्या पोलादी पट्टीला खाऊ लागला. रुगरने ते मागे घेतलं. कंटेंडरला चक्रीच नाही, म्हणून फटही नाही; तिथे हे काडतूस गुण्यागोविंदाने नांदतं. पण नाव बदनाम झालं ते झालंच. घटस्फोट कोणाच्या चुकीने झाला हे लोक विचारत नाहीत, असं तो म्हणतो.

मग येते घरगुती मंडळी. आयडाहोचे पिस्तुलांच्या मुठी बनवणारे स्टीव्ह हेरेट आणि शिकारीवर लिहिणारे बॉब मिलेक यांनी सत्तरच्या दशकात थर्टी-थर्टीची पितळी केस आखूड करून तीस आणि पस्तीस अशी दोन काडतुसं घडवली. ही दुकानात नसतात. स्वतः कापा, साच्यातून काढा, भरा, एकदा उडवून केस नळीच्या मापाची करून घ्या, आणि मग खरी भरणी. एकबारीला हे फार आवडतं, कारण एका काडतुसामागे एक रविवार जातो. ओहायोतल्या विंटर्सव्हिलच्या जे. डी. जोन्सनी तर फोर-फॉर्टी-फोर मार्लिनच्या केसचा गळा आवळून थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह जेडीजे केलं. त्याने मोठमोठी जनावरं पडतात. इथलं जनावर मात्र पांढऱ्या शेपटीचं हरीण, भरलेला नर दीडशे-पावणेदोनशे पौंडांचा. एकबारी जोन्सच्या नळीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "पण एखाद्या दिवशी अस्वल आलं तर?"

कंटेंडर न वापरता रेमिंग्टनचं १९६३ चं एक्सपी-१०० हे बोल्टवालं पिस्तूल वापरणारा एक निराळा पंथ आहे. त्यांच्याशी रोटीव्यवहार चालतो, बेटीव्यवहार नाही.

वाद घालण्यासारखं खरं शास्त्र यात आहेच, आणि ते मला पटतंही. पिस्तुलाची नळी लांबात लांब म्हणजे चौदा इंचांच्या आसपास. रायफलीच्या काडतुसातली सगळी दारू एवढ्या लांबीत जळून पुरी होत नाही. उरलेली नळीच्या तोंडाशी हातभर जाळ होऊन बाहेर पडते, कान बधिर करते आणि मनगट झटकते. म्हणून लवकर जळणारी दारू, माफक केस आणि जाड गोळी असा मेळ बसवावा लागतो. गोळीचंही तसंच. साध्या पिस्तुलासाठी घडवलेली गोळी या वेगाला कातडीखालीच फुटते, आणि लांब रायफलीसाठी घडवलेली या वेगाला उमलतच नाही, आरपार निघून जाते. मधल्या वेगाची मधली गोळी हवी. एवढं सगळं अर्ध्या तासात सांगून होतं. उरलेली वीस वर्षं सेकंदाला २००० फूट आणि सेकंदाला २०५० फूट यांतल्या फरकावर गेली. त्या पन्नास फुटांवरून त्याचं मेहुण्याशी एक थँक्सगिव्हिंगभर बोलणं बंद होतं.

माझी त्याच्याशी गट्टी जमली ती ग्रेनमुळे. गोळीचं आणि दारूचं वजन हे लोक ग्रेनमध्ये करतात. पौंडाचे ७००० ग्रेन. तो १८० ग्रेनची एक गोळी तळहातावर तोलत होता. मी सहज म्हणालो, "म्हणजे आमचा एक तोळा."

"काय?"

"तोळा. इंग्रजांनी १८३३ मध्ये आमचा तोळा १८० ग्रेनचा ठरवून टाकला. रुपयाचं वजनही तेवढंच. आमच्या आज्या सोनं यातच मोजायच्या."

तो बराच वेळ गोळीकडे बघत राहिला. तीनशे वर्षांच्या साम्राज्याने शेवटी एक उपयोगाची गोष्ट केली, असा भाव चेहऱ्यावर. मग त्याने वहीत 'तोळा' असं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं आणि पुढे १८० लिहिलं. मला तिथेच थांबायला हवं होतं, पण मी खरं बोलण्याच्या भरात सांगितलं की हल्ली आमचे सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. त्याने लगेच गणकयंत्र काढलं. "एकशे चोपन्न! तुमच्या सोनारांनी भरणी कमी केली?" आणि क्षणात चेहरा उजळला. "अरे, पण सात मिलिमीटरमध्ये हॉर्नडीची १५४ ग्रेनची गोळी मिळते!" सात मिलिमीटर म्हणजे .२८४ इंच, त्याच्या स्वतःच्या व्याख्येने मध्यम बोअरच्या बाहेर. तरी पुढच्या महिन्यात पंधरावी नळी आली. तिच्या बिलात माझाही वाटा आहे, असं त्याच्या बायकोचं मत आहे.

बायकोबद्दल सांगायला हवं. मी त्यांना मनातल्या मनात वहिनीच म्हणतो. त्या दरवर्षी वडिलांची जुनी थर्टी-थर्टी रायफल घेऊन जातात. काडतूस कोणतं, तर "हिरव्या-पिवळ्या खोक्यातलं". गोळी किती ग्रेनची, वेग किती, विचारायची सोय नाही. मोसम सुरू होतो थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. पूर्वी तो सोमवारी सुरू व्हायचा, २०१९ मध्ये बदलला. आमच्या भागातल्या शाळा त्या सोमवारी अजून बंद असतात. पोरं आणि मास्तर दोघंही जंगलात असतात, मग शाळा कोणासाठी भरवायची? कायद्याप्रमाणे डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड हवं, ते घालून वहिनी अंधारात निघतात आणि बहुतेक वर्षी नऊच्या सुमारास परत येतात. काम झालेलं असतं. मग त्या कॉफी करतात.

एकबारी त्या वेळी झाडाला पाठ टेकून, दोन्ही गुडघे वर घेऊन, गुडघ्यांवर पिस्तूल रोवून बसलेला असतो. पिस्तुलाने लांबचा नेम धरायची ही खरोखरच चांगली बैठक आहे. अडचण उठायची आहे. समोर साठ यार्डांवर हरीण येतं. थर्टी-थर्टीपासून जेडीजेपर्यंत त्याच्या भिंतीवरचं कोणतंही काडतूस त्या हरणाला त्या अंतरावर पुरेसं असतं, आणि हे त्याला माहीत असतं. तरी तो बार काढत नाही. मागच्या वर्षी मी कारण विचारलं. तो म्हणाला, "हरीण किंचित तिरकं होतं. तिरक्याला मॅक्सिमम बरं पडलं असतं. माझ्याकडे त्या दिवशी थर्टी-फाइव्ह होतं."

आपल्या पुराणांत हरणामागे गेलेला कोणी सुखी झाला नाही. रामाचं घर मोडलं, पांडूला शाप लागला, आणि भरत राजाने तर हरीण मारलंही नव्हतं, फक्त पाळलं होतं, तरी पुढचा जन्म हरणाचा मिळाला. एकबारी तिघांपेक्षा शहाणा. तो हरणाच्या नादी लागतच नाही.

मटण मात्र त्याच्या घरचं उत्तम असतं. वहिनी हरणाचे सॉसेज करून वाटतात. आमची आई इथे आली होती तेव्हा तिने तो पुडा फ्रीजच्या अगदी मागे, लोणच्याच्या बरणीपलीकडे ढकलला आणि वर मला विचारलं, "या लोकांना चांगली भाजी मिळत नाही का रे?" एकबारीला मी हे सांगितलं. त्याला त्यातला काडतुसाचा संबंध कळला नाही, म्हणून त्याने ते सोडून दिलं.

तीन वर्षं तो खरोखर संकटात होता. स्मिथ अँड वेसनने २००७ मध्ये थॉम्पसन/सेंटर घेतली होती, आणि २०२१ मध्ये ती आता आपल्याला नको, असं जाहीर केलं. नव्या नळ्या बंद होणार म्हटल्यावर जुन्यांचे भाव चढले. त्याच सुमारास देशभर प्रायमरही मिळेनासे झाले. नाइलाजाने तो निर्णयाच्या अगदी जवळ आला. आहे त्यातली एक नळी ठरवायची, तिचीच काडतुसं भरायची, बाकीच्या विकून टाकायच्या. थर्टी-फाइव्ह रेमिंग्टन, असं त्याने वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि तारीखही घातली. वहिनींनी भिंत रंगवायला माणूस बोलावला.

मग २०२४ मध्ये बातमी आली की २००७ च्या आधी कंपनी ज्या गृहस्थाकडे होती, त्यानेच ती परत विकत घेतली. एकबारीचा मला सकाळी साडेसहाला फोन. आवाजात वीस वर्षांनी कमी झालेलं वय.

"ऐकलंस का? आता नव्या नळ्या निघणार. अशा वेळी घाईने काही ठरवणं बरोबर नाही."

"आणि थर्टी-फाइव्ह रेमिंग्टन?"

"ते आहेच की. पण," तो म्हणाला, आणि मी फोन कानाशी धरून चहाचं आधण ठेवलं.