राजदूताची नेमावरवर स्वारी

देवासमध्ये एके काळी एकाच गावात दोन राजे राज्य करत. पवारांच्या दोन भावांनी अठराव्या शतकात जहागीर वाटून घेतली, थोरली पाती आणि धाकटी पाती झाली, दोन दरबार भरू लागले. १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचे खासगी सचिव म्हणून आलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला या संस्थानाने एका अख्ख्या पुस्तकाचा ऐवज पुरवला. पुढे संस्थानं विलीन झाली, पण वाटणीची रीत काही घरांतून अजून गेलेली नाही. तिथल्या एका मराठी घरात वडिलांची राजदूत मोटारसायकल अशीच वाटली गेली. कागदपत्रं थोरल्याच्या नावावर, किल्ली धाकट्याकडे.

धाकटे निवृत्त शिक्षक, साऱ्या गल्लीचे काका. थोरले, म्हणजे दादा, नोकरी संपल्यावर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नर्मदाकाठी नेमावरला जाऊन राहिले. परिक्रमावासीयांना चहा पाजणं आणि धाकट्या भावाला फोनवरून सल्ले देणं, एवढीच कामं त्यांनी स्वतःकडे ठेवली. पडवीत धूळ खात पडलेली गाडी काकांनी नावावर करून मागितली, तेव्हा दादांनी एकच अट घातली.

"फॉर्म एकोणतीस आणि तीस घेऊन ये, सही करतो. पण गाडीवर बसून ये. टेम्पोत घालून आणलीस तर चहासुद्धा मिळायचा नाही."

गाडी १९७९ ची. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल एम-११ या मोटारसायकलवरून १७५ सीसीची राजदूत १९६० च्या दशकात भारतात बनवायला घेतली. टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, सहा व्होल्टची वीज आणि कुठल्याही रस्त्याला न लाजणारा सांगाडा. जाहिरातीत धर्मेंद्र होता, पण खरा प्रचार खेड्यापाड्यांतल्या दूधवाल्यांनी केला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन आणि मागे एखादा मेहुणा, एवढा बोजा घेऊन ती कच्च्या रस्त्याने तक्रार न करता जायची. १९७३ च्या 'बॉबी'मध्ये ऋषी कपूर आणि डिंपल ज्या ठेंगण्या राजदूतवर बसले, ती जीटीएस. वडिलांनी तेव्हा ती घेतली असती तर घराचा इतिहास वेगळा झाला असता, असं काकांचं मत आहे. काकूंसमोर ते हे मत मांडत नाहीत.

मदतीला पुतण्या होता. हा दादांचा मुलगा, म्हणजे विरोधी पक्षातला. धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला एका कारखान्यात नोकरीला, सुट्टीला देवासला. त्याने प्रथम कायद्याची बाजू वाचून दाखवली. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' दर्जा मिळतो, 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते. काका हरखले. मग पुतण्याने पुढचं वाचलं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. काकांनी टेकडीवरच्या देवीला हात जोडले, गाडीला पन्नाशी गाठायला अजून अवकाश होता म्हणून. साधा मार्ग स्वस्त पडत होता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्याची रक्कम दुचाकीसाठी एप्रिल २०२२ मध्ये ३०० ची १,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी २,०००.

"बघ, किंमत कशी वाढतेय गाडीची," काका म्हणाले.

"किंमत नाही काका, फी."

नूतनीकरणाच्या फॉर्म २५ वर दादांनी टपालाने सही पाठवली. हस्तांतरणाच्या कागदांवर मात्र समोरासमोरच.

देशाच्या नोटा छापणारी बँक नोट प्रेस देवासमध्येच आहे. त्याचा काकांच्या खिशावर काही परिणाम झालेला नाही. पंधरा हजारांच्या आत सगळं बसवायचं ठरलं आणि काकूंनी वही घातली. वहीत दोन रकाने होते. पहिला 'सांगितलेला खर्च' आणि दुसरा 'सापडलेला खर्च'. पहिल्यापेक्षा दुसरा भराभर भरत गेला.

सांगाडा शाबूत निघाला. १९४८ मध्ये क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले ते माळव्याच्या कोरड्या हवेसाठी. तीच हवा चेसिसलाही मानवली, असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पेट्रोलच्या टाकीला मात्र ती मानवली नव्हती. आत गंजाचे पापुद्रे सुटले होते. पुतण्याने फॉस्फरिक आम्लाचं नाव काढलं, काकांनी भाव विचारला आणि स्वयंपाकघराकडे वळले. व्हिनेगरची बाटली, मूठभर जुने नट, तोंडाला बूच. मग अंगणात टाकी हलवण्याचा कार्यक्रम. गल्लीतली पोरं आळीपाळीने टाकी हलवत होती आणि आवाजाने कुत्री भुंकत होती. आम्लाचा अंश राहू नये म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, वाळवली आणि पुन्हा गंज धरायच्या आत पेट्रोल-ऑइल फिरवलं. टाकी चकचकीत झाली. त्या वर्षी घरात व्हिनेगरचे कांदे झाले नाहीत. वहीत त्याची नोंद दुसऱ्या रकान्यात आहे.

सायलेन्सरचं दुखणं वेगळं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साचत जाते आणि शेवटी इंजिनाचा श्वास कोंडतो. उपाय जुना आहे, आत जाळ धरायचा. गॅस वेल्डिंगवाल्याचे पैसे वाचावेत म्हणून काकांनी होळीचा मुहूर्त साधला. गल्लीतल्या बायका पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन आल्या तेव्हा होळीतून एक नळकांडं धूर ओकत होतं. कार्बन झडला, पण क्रोमवर निळी-जांभळी झाक आली. काका ती झाक कंपनीतूनच आल्याचं सांगतात.

यापुढे गाडी जागेवर राहिली आणि तिचे भाग प्रवासाला निघाले.

सिलिंडर झिजला होता, म्हणजे बोअर करून एक साइज मोठा पिस्टन टाकणं आलं. बोअर इंदूरला झाला. पिस्टन दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरने आला, तो दुसऱ्याच गाडीचा निघाला. दुसरा पुण्याच्या नाना पेठेत मिळाला. तो काकांच्या भाचीच्या सासऱ्यांनी लग्नाच्या रुखवतातून देवासला पोचवला. मागच्या दिव्याची काच पुण्याच्याच जुन्या बाजारात सापडली. हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, आणि तिथे गाडीचं नाव सांगितलं की भाव चढतो. म्हणून भाचीने "घरात शोभेला ठेवायचीय" असं सांगून ती आणली. किकचा दातेरी शाफ्ट मात्र कुठेच मिळेना. देवास म्हणजे गजरा गिअर्सचं गाव, ट्रक-ट्रॅक्टरचे गिअर इथून देशभर जातात. पण त्या आकाराच्या दात्याला राजदूतच्या किकची जागा म्हणजे हत्तीला कोंबडीचं खुराडं. शेवटी औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याने जुने दात वेल्डिंगने भरून कातून दिले. पैसे घेतले नाहीत. त्याच्या वडिलांकडेही राजदूत होती, म्हणून नुसती एक फेरी मागितली.

काका आणि पुतण्या यांच्यात मतभेद झाला तो पद्धतीवर. पिथमपूरला देशातली सर्वांत लांब चाचणी धावपट्टी आहे, नॅट्रॅक्सची, २०२१ मध्ये सुरू झालेली, ११.३ किलोमीटरची. ताशी अडीचशे किलोमीटरने गाडी वळेल असे तिचे बाक आहेत. तिथल्या वाऱ्याला राहिलेला माणूस पॉइंटचं अंतर फीलर गेजनेच मोजणार. ०.४ मिलिमीटर, त्यात एका केसाचाही फरक नको. काकांनी ते लग्नपत्रिकेच्या कार्डाने लावलं आणि ठिणगी पडली.

"हे शास्त्रात बसत नाही."

"पण गाडीत बसलं ना?"

गाडी सुरू झाली तेव्हा गल्ली पांढऱ्या धुरात दिसेनाशी झाली. धुरातून फक्त काकूंचा आवाज आला, "दारं लावा रे!" आरटीओत तपासणी झाली, विमा झाला, प्रदूषणाच्या प्रमाणपत्राच्या वेळी काका काही काळ देवाचं नाव घेत उभे राहिले, आणि एका पहाटे दोघे निघाले.

देवासहून डबल चौकीला उतरायचं, तिथे इंदूर–बैतूल महामार्ग धरायचा, मग चापडा, कन्नौद, खातेगाव, नेमावर. अकराव्या शतकात अल्बेरुनीने धारहून दक्षिणेला गोदावरीकडे जाणाऱ्या मार्गाचे टप्पे लिहून ठेवले, त्यात नर्मदाकाठचं नेमावर येतं. त्याने सगळा रस्ता दोन-चार ओळींत उरकला. त्याच्याकडे सहा व्होल्टचा हेडलाइट नव्हता. राजदूतवर हॉर्न दाबला की दिवा मंदावतो आणि दिवा लावला की हॉर्न घसा बसल्यासारखा करतो, त्यामुळे काकांनी पहाटेच्या अंधारात आळीपाळीने दोन्ही वापरले. समोरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने हा काही तरी सांकेतिक इशारा समजून गाडी बाजूला घेतली.

डबल चौकीला पोहे-जिलबी. पेट्रोल पंपावर काकांनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि झाकणाने मोजून टाकीत ऑइल ओतलं. पंपावरचा पोरगा विशीतला, टू-स्ट्रोक कधी न पाहिलेला.

"भिया, गाडीला खोकला झालाय का?"

झालाच होता. चापड्याच्या अलीकडे गाडी ठसकत थांबली. प्लग काढला तर टोक काळं कुळकुळीत. प्लग कॉफीच्या रंगाचा निघाला तर सगळं ठीक, काळा म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, हे निदान पुतण्याने पुस्तकातून सांगितलं. तोवर पाच माणसं जमली होती आणि पाचहीजणांचं निदान वेगळं होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने कोणाचंच न ऐकता पान्याच्या मागच्या टोकाने कार्बोरेटरवर दोनदा टकटक केलं. अडकलेला फ्लोट सुटला. पेट्रोल भरभरून वाहायचं थांबलं. त्यानेही पैसे घेतले नाहीत. पण स्वतःच्या राजदूतची कहाणी सांगितली. ती लांबलचक होती.

पठार संपलं आणि घाटाचा उतार लागला. उतार म्हणजे इंजिनाला विश्रांती, असं कोणालाही वाटेल. टू-स्ट्रोकचं उलटं आहे. तिचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं. थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये गाडी सोडली की पेट्रोल थांबतं आणि त्याबरोबर ऑइलही. इंजिन मात्र चाकांच्या जोराने फिरत राहतं, कोरडं. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटून बसतो. म्हणून जाणता स्वार उतारावर अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल पिळतो. काकांनी नाना पेठेतल्या पिस्टनवरच्या प्रेमापोटी हे इतक्या निष्ठेने केलं, की खाली उतरणारी गाडी चढ चढल्यासारखी गर्जत होती. शेळ्या रस्ता सोडून रानात शिरल्या. शेळीवाला शिव्या देत होता की सल्ला, ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

कन्नौदला चेन उतरली, खातेगावला क्लचची केबल तुटली. केबल बदलायला पुतण्याने पिशवी उघडली तेव्हा तळाशी ती आधीच होती. ती त्याने पिथमपूरहून गुपचूप आणली होती आणि काकूंच्या वहीत तिची कुठेही नोंद नव्हती.

नेमावरला नर्मदा ऐसपैस पसरलेली आहे. १,३१२ किलोमीटरच्या नदीचं हे नाभिस्थान मानतात. पलीकडच्या काठावर हरदा जिल्ह्यातलं हंडिया. काठावर परमारकालीन सिद्धनाथाचं देऊळ, अंगभर कोरीवकाम केलेलं. भीमाने जोर लावून या देवळाचं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवलं, असं लोक सांगतात. काकांना ते तिथल्या तिथे पटलं. सकाळपासून त्यांनी मारलेल्या किका पाहता भीमाचा एक पाय उसना मिळाला असता तर बरंच काम झालं असतं.

दादा घाटाच्या वर खुर्ची टाकून बसले होते. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली. सायलेन्सरकडे पाहून म्हणाले, "हा निळा रंग कुणी लावला?"

"कंपनीचाच आहे, दादा."

"वडिलांनी घेतली तेव्हा मी बरोबर होतो, बाळ."

चहा झाला. दादांनी चष्मा पुसून फॉर्म वाचला, दोन ठिकाणी सही केली, एका ठिकाणी मुलाची शुद्धलेखनाची चूक दाखवली. मग किल्ली मागितली. "हंडियापर्यंत जाऊन येतो. पूल ओलांडायला कितीसा वेळ लागतो!"

सूर्य कलला तरी दादा आले नाहीत. फोन उचलत नव्हते. शेवटी पुलावरून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत दादा उभे होते, शेजारी काकांची राजदूत आडवी बांधलेली, आणि तिच्या शेजारी आणखी एक राजदूत, हॅन्डलला अजून कॅनचे आकडे लटकत असलेली.

"तुझी बंद पडली," दादा म्हणाले. "ही एका दूधवाल्याने इलेक्ट्रिक स्कूटर घेतल्यावर गोठ्यात टाकली होती. भंगाराच्या भावात दिली. स्पेअर पार्टला होईल तुला."

ट्रॉलीवाल्याने दोन्ही गाड्या उतरवल्या आणि भाडं दोन गाड्यांचं मागितलं. काका म्हणाले, एक गाडी आणि एक भंगार, दीड भाडं. घासाघीस रंगात आली असताना पुतण्याने सहज म्हणून भंगाराच्या टाकीत थोडं पेट्रोल-ऑइल ओतलं आणि किक मारली.

पहिल्याच किकला ती सुरू झाली. धूरही बेताचाच.

ट्रॉलीवाल्याने पूर्ण दोन भाडी घेतली. नंतर रात्री उशिरापर्यंत दोघे भाऊ कंदिलासारखा मिणमिणता टॉर्च धरून बसले होते, कुठल्या गाडीचे भाग काढून कुठल्या गाडीला लावायचे ते ठरवत. पुतण्या तेवढ्यात काकूंना फोनवर 'सापडलेल्या खर्चा'ची नवी बाब कोणत्या शब्दांत सांगावी याचा मसुदा करत होता.