सिबिलशी सभ्यपणे भांडण्याची रीत

फेब्रुवारी 2025 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात एक लग्न मोडल्याची बातमी आली. मुलीच्या मामांनी मुलाचा सिबिल स्कोअर पाहायला मागितला, तो पडलेला निघाला आणि सोयरीक तिथेच संपली. तेव्हा राजेहो, नागपुरातल्या तमाम उपवरांनी आणि घर-गाडीच्या इच्छुकांनी आपल्या रिपोर्टातल्या चुका वेळीच दुरुस्त करून घ्याव्यात. कृती खालीलप्रमाणे.

1. रिपोर्ट काढा. तुमच्या उधारीची कुंडली मांडणाऱ्या कंपन्या देशात चार: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. 2017 पासून तसा नियमच आहे. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर घसरत नाही. मामांनी पाहिल्याने काय घसरतं ते वर सांगितलंच.

2. आकडा पाहून हाय खाऊ नका. स्कोअर 300 ते 900 मधला असतो, पण खरी गंमत त्याच्या खाली, महिन्यांच्या चौकटींत असते. चौकटीत 000 दिसलं, तर त्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला. भोपळा मिळाल्याचा आनंद आयुष्यात इथेच होतो. 030 म्हणजे तीस दिवस उशीर. शिवाय पाहा: फेडलेलं फ्रिजचं कर्ज अजून चालू दिसतं का, एकच कर्ज दोनदा मांडलंय का, आणि तुमच्याच नावाच्या कुण्या सद्गृहस्थाचा ट्रक तुमच्या खात्यात उभा आहे का.

3. चूक आणि पश्चात्ताप यांची गल्लत करू नका. तडजोड करून कमी पैशात मिटवलेल्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. तो खरा असतो, डागही खरा असतो. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला तुम्ही जामीन राहिलात आणि त्याने हप्ते बुडवले, तर तेही तुमच्या रिपोर्टात उमटतं. ती चूकच आहे, पण रिपोर्टाची नाही.

4. तक्रार नोंदवा, लेखी. सिबिलच्या संकेतस्थळावर ती फुकट नोंदवता येते. मात्र कंपनी आपल्या मनाने काही खोडत नाही. ती बँकेला विचारते आणि बँकेने होकार दिला तरच दुरुस्ती करते. म्हणून बँकेलाही वेगळा अर्ज द्या, सोबत नो ड्यूज सर्टिफिकेट जोडा. काउंटरवर उत्तर मिळेल, ‘‘आमच्याकडून तर क्लिअर दाखवून राह्यलं भाऊ, सिबिलवाल्यायले विचारा.’’ वाद घालू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागा. शिक्का शोधायला साहेब आत जातील. ते बाहेर येईपर्यंत खुर्ची सोडू नका.

5. कॅलेंडरवर खुणा करा. बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला 21 दिवस, आणि सगळं प्रकरण निकाली काढायला एकूण 30 दिवस. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने तुम्हाला 100 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. आजवर उशिराचा दंड तुम्ही भरत आलात. आता मीटर उलटं फिरतं. तेव्हा तक्रारीत स्वतःच्या बँक खात्याचा नंबर लिहायला लाजू नका.

6. तरीही दाद लागली नाही, तर लोकपाल. या कंपन्या 1 सप्टेंबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत आल्या आहेत. रिझर्व्ह बँकेची भलीमोठी इमारत आपल्या संविधान चौकातच आहे, म्हणून फाइल काखोटीला मारून तिथे धडकू नका. तक्रार ऑनलाइन करायची किंवा टपालाने थेट चंडीगडला पाठवायची. आधीच्या तक्रारीची तारीख इथे विचारतात. चौथ्या पायरीवरचा शिक्का इथे कामी येतो.

7. दुरुस्ती झाल्याचा निरोप आला की पेढे वाटण्याआधी नवा रिपोर्ट काढून ती ओळ डोळ्यांनी पाहा. मग उरलेल्या तीन कंपन्यांचे रिपोर्ट काढा. एकीकडची चूक गेली म्हणजे तिघींकडची गेली, असं समजणाऱ्या माणसाला कर्ज देऊ नये.