इंग्रजीत विषय कसा बदलावा : होतकरूंसाठी अधिकृत मार्गदर्शन

मराठीत 'बरं, ते जाऊ दे' म्हटलं की मागचा विषय मिटतो आणि पुढचा सुरू होतो. लेखी इंग्रजीत हा रांगडेपणा चालत नाही. तिथे नवा विषय आणण्याआधी दारावर टकटक करावी लागते. शब्दप्रयोग निवडताना उमेदवाराने एकच प्रश्न स्वतःला विचारावा : आपल्याला नेमकं काय लपवायचं आहे?

काहीच लपवायचं नसेल, नुसता कागद भरायचा असेल, तर 'विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट' वापरावे. विषय वरच ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून लिहिलेला असतो. तरीही पहिल्याच वाक्यात त्याच्याकडे बोट दाखवावे. साहेब पत्र मधूनच वाचायला घेतात. ब्रिटिश ट्रेझरीच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' लिहून सरकारी बाबूंची असली खोड मोडायचा प्रयत्न केला. त्याआधी १९४६ मध्ये ऑर्वेलनेही 'विथ रिस्पेक्ट टू'च्या नावाने बोटं मोडली होती. तो जन्मला बिहारमधल्या मोतिहारीत, पण वर्षाच्या आतबाहेरच विलायतेला गेला. इथल्या कचेरीत मुरला असता तर असं बोलला नसता.

पत्राचं खरं कारण लपवायचं असेल तर 'बाय द वे'ला पर्याय नाही. हा प्रयोग किरकोळ गोष्टीसाठी आहे असं पुस्तकं सांगतात. पुस्तकांवर विश्वास ठेवू नये. न्यू जर्सीतल्या काकांना मेल लिहिताना आधी तिथल्या बर्फाची चौकशी करावी, मग काकूंचे गुडघे, मग इथला गणपती. हे सगळं झाल्यावर, सही करण्यापूर्वी : 'बाय द वे, फ्लॅटचं डाउन पेमेंट थोडं कमी पडतंय.' काका मुरलेले असतील तर ते मेल खालूनच वाचतात. राजीनामा, साखरपुडा मोडणे आणि गाडी ठोकणे यांनाही हेच कलम लागू. कार्यालयीन मेलमध्ये मात्र 'इन्सिडेंटली' लिहावे. माल तोच, फक्त सुटाबुटात.

'हॅविंग सेड दॅट' हे वरिष्ठांचं हत्यार आहे, कनिष्ठांनी हाताळू नये. अप्रेझलमध्ये चार ओळी कौतुक येतं, मग हे तीन शब्द येतात आणि पगारवाढ जाते. अनुभवी कर्मचारी कागद हाती येताच आधी हे तीन शब्द शोधतात. 'ऑन अ लायटर नोट' बहुधा कपातीच्या परिपत्रकात सापडतं, सहलीच्या तारखेच्या अलीकडे. 'लास्ट बट नॉट द लीस्ट' आभाराच्या कागदावर माइकवाल्यासाठी राखीव असतं, आणि तोवर त्याने वायरी गुंडाळायला घेतलेल्या असतात.

'अँड नाऊ फॉर समथिंग कम्प्लीटली डिफरंट' मात्र टाळावे. माँटी पायथन मंडळींनी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या प्रहसनांमध्ये ते वापरलं आणि १९७१ साली त्याच नावाचा सिनेमाही काढला. त्यात एकच दोष आहे : ते खरं बोलतं.

आता आयईएलटीएसवाल्यांकडे वळू. (पाहा, किती सोपं आहे.) निबंध किमान २५० शब्दांचा, आणि एक चतुर्थांश गुण सुसंगती व जोडकामाचे. म्हणून क्लासमध्ये 'मोरओव्हर', 'फर्दरमोअर', 'इन अॅडिशन' यांच्या याद्या पाठ करून घेतात आणि मुलं प्रत्येक वाक्याच्या दारावर एकेक तोरण बांधतात. परीक्षकांच्या निकषांत लिहिलेलं असं : जोडकाम यांत्रिक वाटलं तर साधारण सहाचा बँड, आणि वाचताना ते सहसा लक्षातच आलं नाही, तर नऊचा.

यादी तरीही पाठ करावी. क्लासची फी परत मिळत नाही.