पेट्रोल चढत नाही!

जुन्या सोसायटीत एक प्रीमियर पद्मिनी असते, आणि तिच्या बॉनेटात कमरेपर्यंत शिरलेले एक काका असतात. काकांचा चेहरा शेजाऱ्यांच्या फारसा ओळखीचा नसतो. ओळख असते ती लेंग्याची.

कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटची पद्मिनी बाहेर पडली त्याला दोन तपं होऊन गेली. काकांची मात्र १०८९ सीसीची ती लाडकी अजून वयात यायचीय. ती अडली की काकांना हुरूप चढतो. ‘पेट्रोल चढत नाही,’ हे निदान आधीच ठरलेलं. तपासणी नंतर, चवीनं. आधी डिपस्टिक उपसून नाकाला लावायची. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा डायफ्रॅम फाटला. नाही आला तर काका किंचित हिरमुसतात. मग कार्बोरेटरला जाणारा पाइप काढून बाटलीत सोडायचा आणि काकूंना सेल्फ मारायला बसवायचं. सणसणीत पिचकारी आली तर पंप सुटला. मग फ्लोटची सुई अडकली असणार, म्हणून कार्बोरेटरवर पान्याच्या मुठीनं टकटक. पिचकारी नाही आली तर पाइप सरळ तोंडात! थुंकून झालं की काका चवीवरून सांगतात, “टाकीत गंज आहे.” (तोंड धुतल्याशिवाय त्यांना चहा द्यायचा नाही, असा काकूंचा नियम आहे.) हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलवर त्यांचा दात आहे. जुने रबरी पाइप त्यानं खराब होतात म्हणतात, आणि ते खरंच असल्यामुळे वाद घालायचीही सोय नाही.

एका मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी बसली. “व्हेपर लॉक! पाइपातच वाफ झाली,” असं आनंदानं सांगून काकांनी पंपावर ओला पंचा टाकला. काकूंनी पिशवीतला लसूण सोलायला काढला. तो त्या याचसाठी बरोबर ठेवतात. अर्ध्या तासानं गाडी निघाली, सुरूर फाट्याच्या अलीकडे पुन्हा बसली. पुन्हा पंचा, पण या खेपेला ढिम्म. काका पंप खोलायला पाना शोधत असताना शेजारच्या ट्रकचा क्लीनर म्हणाला, “काका, टाकीचं झाकण काढून बघा की.”

काकांनी कुलूप काढलं. फस्स! नव्या कुलपाच्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल बाहेर जातंय, आत हवा नाही. पंप बिचारा ओढून ओढून थकलेला. आता सेल्फ मारताच गाडी सुरू झाली आणि काकांचा चेहरा पडला. पंप न खोलता?

“अहो, बसा आता. निघू या,” काकू म्हणाल्या.

काकांनी आत हात घालून किल्ली फिरवली, गाडी बंद केली.

“परत चालू होते का, ते बघायला नको?”