हुडकेश्वरात राहून म्हातारपण कसं थांबवावं : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

या धंद्यात उतरण्याआधी स्वतःचं वय नक्की करून घ्यावं. वाटतं तितकं ते सोपं नाही. दहावीच्या सनदेवर एक वय असतं, पत्रिकेत दुसरं. नाव घालताना गुरुजींनी सरसकट जून महिना टाकला असेल, तर दोहोंत वर्षभराचा फरक सहज निघतो. तिसरं वय 2013 साली कॅलिफोर्नियात स्टीव्ह होर्वाथ यांनी मोजून दाखवलं. आपल्या डीएनएवर मिथाइलच्या बारीक रासायनिक खुणा असतात आणि वयाबरोबर त्यांची मांडणी बदलत जाते. अशा 353 जागा तपासून रक्तावरून किंवा लाळेवरून माणसाचं वय बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. चौथं वय सरकारी. महाराष्ट्र शासनाच्या लेखी अधिकारी आणि कारकून 58 व्या वर्षी थकतात, चतुर्थ श्रेणीतला शिपाई मात्र 60 पर्यंत टिकतो. फाइल उचलणारा सही करणाऱ्यापेक्षा दोन वर्षं जास्त का टिकतो, हा पीएच.डी.साठी उत्तम विषय आहे. तुम्ही तो घेऊ नका. गाइड मिळणार नाही.

जागेची काळजी करू नये. नागपुरात मानेवाडा चौकातून म्हाळगीनगर ओलांडून पुढे आलं की हुडकेश्वर लागतं. इथल्या माणसाला वाट पाहण्याचं शिक्षण घरातच मिळालेलं असतं. ले-आउट पडतो, प्लॉट घेतला जातो, मग तो नियमित झाल्याच्या आरएल लेटरची वाट, मग गडर लाइनची, मग रस्त्याची. प्रयोगाचा निकाल यायला पाच वर्षं लागतील असं सांगितलं तर पुणेकर उमेदवाराचा चेहरा पडतो. हुडकेश्वरचा विचारतो, फक्त पाच?

आता प्राणी निवडा. माणूस या कामाला फार गैरसोयीचा, कारण तो बहुधा संशोधकाच्या निवृत्तीनंतर मरतो. उंदीर दोन-तीन वर्षं घेतो आणि शिवाय खातो. फळमाशी दोन-तीन महिन्यांत आटोपते, आणि संत्र्याच्या हंगामात तिचा पुरवठा स्वयंपाकघरातूनच होतो. पण नवशिक्याने सी. एलेगन्स हा कृमी घ्यावा. लांबी एक मिलिमीटर, शरीर पारदर्शक, आयुष्य दोन-तीन आठवडे. याच्याकडे जनुकं सुमारे 20,000, आणि आपल्याकडेही साधारण तितकीच. हा आकडा घरी सांगू नये. मुलाला एवढं शिकवलं कशाला, असा प्रश्न निघतो.

1993 साली सिंथिया केनियन यांनी या कृमीत डॅफ-2 या एका जनुकात बिघाड असला की त्याचं आयुष्य दुपटीहून वाढतं, हे दाखवलं. तोवर म्हातारपण म्हणजे आपोआप होणारी झीज, असंच बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालत. एक जनुक बदलून झीज लांबते, तर ती कुणाच्या तरी ताब्यात आहे, असा अर्थ निघाला आणि या विषयाला बरे दिवस आले. डॅफ-2 हे इन्शुलिनसारख्या संदेशाचं ग्राहक प्रथिन बनवतं. भूक, साखर आणि आयुष्य यांचा संबंध तिथून उघड झाला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उल्लास कोल्थुर-सीताराम यांनी याच परिसरात, उपास, चयापचय आणि सर्टुइन प्रथिनं यांवर, वर्षानुवर्षं काम केलं. हे शेजारच्या आबाजींना सांगितलंत तर ते लगेच म्हणतील, "आमी एकादशी करतो ते हेच होय ना बाप्पा." त्यांना हो म्हणू नका. उपाशी ठेवलेल्या कृमीला साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट आणि वर दही देत नाहीत.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. हा कृमी 20 अंशांवर वाढवतात. थंडीत तो जास्त जगतो, उकाड्यात लवकर मरतो. नागपुरात 20 अंश जानेवारीत मिळतात. मे महिन्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या लावून केलेल्या प्रयोगातून एवढंच सिद्ध होईल की नागपूरच्या उन्हाने आयुष्य कमी होतं, आणि ते इथे कुणालाही माहीत आहे.

कृमीचा कंटाळा आला तर जीनोमिक्सकडे वळावं. तिथे प्राणी पाळावा लागत नाही, दुसऱ्याने वाचलेला त्याचा जीनोम उतरवून घेता येतो. ब्रँडचं वटवाघूळ वजनाला सात ग्रॅमच्या आसपास, पण सायबेरियात खूण करून सोडलेलं एक 41 वर्षांनी पुन्हा सापडलं. त्याचा जीनोम 2013 साली वाचून झाला. हत्तीत पेशी इतक्या, तरी कॅन्सर कमी. त्याच्याकडे कॅन्सर रोखणाऱ्या टीपी 53 जनुकाच्या वीसेक प्रती आहेत. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरं. ती वाचायला लिनक्स, आकडेशास्त्र आणि घट्ट पाठीची खुर्ची लागते. खुर्चीवर कंजुसी करू नये. या विषयात सगळ्यात लवकर मणका म्हातारा होतो.

पुढची पायरी निधी मिळाल्यावर येईल.

दरम्यान उपजीविका. नेट पास होऊन जेआरएफ मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये. त्यानंतर पीएच.डी., मग परदेशात पोस्टडॉक, मग परतीचा रस्ता. परत येताना लक्षात येतं की इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपला सर्वसाधारण गटासाठी वयाची मर्यादा 32 आहे. ज्याने दहा वर्षं आयुष्य कसं लांबवावं याचा अभ्यास केला, त्याला अर्जावर कळतं की तो उशिरा पोचला. इथे मिथाइलच्या खुणा दाखवून आपण आतून तिशीचेच आहोत असं सिद्ध करण्याचा मोह होईल. आवरावा. ते सनद मागतात.

एवढं होऊनही उत्साह शिल्लक असेल, तर आता खरी सूचना. वयाचा काटा मागे फिरवण्यासाठी कॅलिफोर्नियाकडे बघत बसू नका, मेडिकल चौकाकडे बघा. विदर्भात सिकल सेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार खूप आहे. शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल सेलची नोंद 1958 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये छापली होती. बीटा ग्लोबिन जनुकात एका जागी ए चं टी झालेलं असतं, बस्स, एवढंच अक्षर. निरोगी लाल पेशी 120 दिवस जगते, सिकल सेल असलेल्याची दहा-वीस दिवसांत संपते. अकाली म्हातारपण बघायचंच असेल तर ते असं, एका थेंबात, पोरांच्या अंगात.

आणि इथेच काटा उलटाही फिरतो. गर्भात आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचं जनुक जवळजवळ बंद पडतं आणि प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होतं. म्हणून आजार असलेलं बाळही पहिले काही महिने ठीक दिसतं. हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी त्या गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण पुन्हा वाढवते. रक्त तेवढ्यापुरतं जन्माआधीच्या वयात जातं, आणि दुखण्याचे झटके कमी होतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी ही गोळी मुलांना कमी मात्रेत देऊन तिचा परिणाम अभ्यासला आहे. तोच बदल जनुक कापून घडवणाऱ्या कॅसजेव्ही उपचाराला 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत परवानगी मिळाली. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. ब्रायन जॉन्सनसारखे कोट्यधीश तरुण होण्यावर पाण्यासारखा पैसा ओततात. माझ्या मते तरुण होण्याचा पुरावा असलेलं औषध त्यांच्याकडे नाही, सिकल सेलच्या ओपीडीत आहे.

प्रश्नही शिल्लक आहेत. तेच एक अक्षर बदललेलं असून एकाच घरातली एक मुलगी शाळा बुडवत नाही आणि तिचा भाऊ महिन्याआड भरती होतो, हे का? आपल्याकडच्या अरब-भारतीय प्रकारात गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच थोडं जास्त टिकतं. बीसीएल 11 ए सारखी दुसरी जनुकं त्यात हात घालतात, अल्फा थॅलेसेमिया सोबत असेल तर चित्र आणखी बदलतं. हे नीट उलगडायला इथल्याच माणसांचे जीनोम हवेत. राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम जुलै 2023 मध्ये सुरू झाली, लक्ष्य 2047. त्या वर्षी आज विशीत असलेला उमेदवार पन्नाशीकडे झुकलेला असेल. गणित जुळतं.

म्हणून प्रस्तावाच्या शीर्षकात 'वार्धक्य' ठेवा, नमुने सिकल सेलचे मागा. नैतिकता समितीकडे आधी जा, संमतीपत्र मराठीत आणि गोंडीत करून घ्या. रुग्णाला समजलं की नाही हे त्याच्या आईला विचारा, तिला सगळं ठाऊक असतं. खर्चात उणे 80 अंशांचा फ्रीझर धरा आणि त्याच्याखाली लगेच जनरेटर लिहा. दिल्लीचे परीक्षक विचारतील की फ्रीझरला जनरेटर कशाला. त्यांना पाहणीसाठी मे महिन्यात बोलवा, दुपारी दोनला.